जुन्या वैद्यक-ग्रंथांचे स्कॅनिंग : मात्रेविषयी दक्षता

जुन्या मराठी वैद्यक-ग्रंथांचा व मासिकांचा कागद ठिसूळ होत चालला आहे. त्यांचे स्कॅनिंग अगत्याचे आहे. तथापि एका धोक्याकडे आम्ही वैद्यवर्गाचे लक्ष वेधू इच्छितो. या ग्रंथांत ‘१॥ गुंज’ म्हणजे दीड गुंज. संगणकाने अक्षर-ओळख करताना अर्ध्याची ही खूण विरामचिन्ह समजून गाळली, अथवा ‘१॥’ चे ‘१११’ केले, तर वत्सनाभयुक्त कल्पाच्या बाबतीत अनर्थ ओढवेल. म्हणून पाने किमान ३०० डीपीआयने, शिवणीकडील मजकूर न कापता स्कॅन करावीत. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात दोन ठिकाणी जपाव्यात. टंकित पाठातील प्रत्येक मात्रा वैद्याने प्रतिमेशी ताडून पाहावी. शंका उरल्यास मूळ पानच प्रमाण मानावे. यास्तव स्कॅनिंगनंतरही ग्रंथ रद्दीत देऊ नये.