मांजराच्या हनुवटीवर काळे ठिपके? गोचिडाचं औषध लावू नका

कोठीतल्या उंदरांवर राखण करणाऱ्या मांजराच्या हनुवटीवर काळी पूड सांडल्यासारखे ठिपके दिसले, की काहीजण पिसवा समजून जनावरांचं गोचिडाचं औषध चोपडतात. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन गाईला चालतं, पण मांजराला ते पचत नाही. चाटल्यावर पोटातही जातं आणि झटके येऊन मांजर दगावू शकतं. फिनेल, डेटॉलही नको. पॅरासिटामॉल तर अजिबातच नको.

आधी ठिपके ओल्या कापसाने पुसून बघा. लालसर डाग उतरला तर पिसवांची घाण. नाहीतर बहुतेक वेळा त्या पुटकुळ्या असतात, तेलकट मळाने केसांची छिद्रं बुजून येणाऱ्या. प्लॅस्टिकचं भांडं काढून स्टीलची वाटी ठेवा, रोज घासा. ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकात जंतू राहतात. कोमट पाण्याच्या कापसाने हनुवटी रोज हलकी पुसा. पुटकुळ्या पिळू नका.

सूज, पू-रक्त आलं किंवा खाणं सुटलं तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सातारकरांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. गोल चट्टा पडून केस गेले असतील तर गजकर्ण असू शकतं. ते पोरांनाही लागतं, म्हणून तपासणी होईपर्यंत मांजर अंथरुणात घेऊ नका.