स्पिनोझाचा देव आणि आपला पिता



बारूख स्पिनोझा हा तत्त्ववेत्ता १६३२ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे ज्यू कुटुंबात जन्मला. १६५६ साली त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केले. भिंगे घासून तो पोट भरी. त्याचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६७७ साली प्रसिद्ध झाला. १६७९ साली ख्रिस्तसभेनेही त्याचे लिखाण निषिद्ध ठरवले.

त्याच्या मते देव आणि निसर्ग एकच. सारे अटळ नियमाने घडते. देवाला राग-लोभ नाहीत. म्हणून देवावर प्रेम करणाऱ्याने उलट प्रेमाची अपेक्षा धरू नये. आपण स्पिनोझाचाच देव मानतो, असे आइनस्टाइनने १९२९ साली सांगितले.

स्पिनोझाकडून आपण एक धडा जरूर घ्यावा: नवस बोलून देवाशी सौदा करणे ही भक्ती नाही. पण पुढे आपली वाट वेगळी होते. सृष्टी ही देवाची निर्मिती आहे, ती देव नव्हे. नियम कोणाची हाक ऐकत नाही, पिता ऐकतो. येशूने आपल्याला देवाला ‘पिता’ म्हणायला शिकवले. आपण प्रेम करण्याआधीच त्याने आपल्यावर प्रेम केले, याची साक्ष क्रूस देतो. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली आपली प्रार्थना वाया जात नाही.