जुन्या मेटॅगची पारख

जुन्या वस्तूंच्या बाजारात नव्या रंगाइतकी संशयास्पद गोष्ट दुसरी नाही, हे माझे मत आयोवा राज्यातील वास्तव्यात बनले, आणि त्याला एक धुलाईयंत्र कारणीभूत झाले. या राज्यातील न्यूटन हे मेटॅग कंपनीचे मूळ गाव. मळणीयंत्राला पेंढ्या पुरवणारी जोडसाधने करण्यासाठी १८९३ साली निघालेल्या या कारखान्याने १९०७ पासून कपडे धुण्याची यंत्रे करण्यास आरंभ केला, आणि टबाच्या काठावर दोन रबरी रुळांची पिळणी बसवलेले त्याचे यंत्र थेट १९८३ पर्यंत तयार होत राहिले. साहजिकच एखाद्या जुन्या शेतघराचा लिलाव निघाला की तळघरातून एखादे मेटॅग वर येते, आणि निवृत्तीनंतर हाताला उद्योग शोधणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा जीव त्यावर जडतो.

मी घेतलेल्या यंत्राचा ॲल्युमिनियमचा चौकोनी टब घासून लखलखीत केलेला होता, पाय नव्याने रंगवलेले होते, आणि विक्रेत्याने ‘चालू स्थितीत’ असा लेखी दाखलाही दिला होता. यंत्र चालूही झाले. परंतु थोड्याच वेळात खालून खरखर ऐकू येऊ लागली, आणि गिअरची पेटी उघडताच तिचे कारण उमगले. जिच्यात तेल असावयाचे ती पेटी, गळती दिसू नये म्हणून, जाड ग्रीसने ठासून भरली होती. तेल फिरत्या दातांवरून उडून वरच्या बुशापर्यंत पोहोचते. ग्रीस मात्र दातांना लागेल तेवढी वाट देऊन बाजूला जागच्या जागी उभे राहते, आणि वर कोरड्यात फिरणारा दांडा झिजत जातो. माझ्या पेटीतील ग्रीसमध्ये दातांनी कोरलेले बोगदे स्पष्ट दिसत होते, आणि दांड्यावर नख अडकेल एवढा कंगोरा पडला होता. तक्रार घेऊन गेलो तेव्हा, विक्रीच्या दिवशी यंत्र चालत होते की नाही, एवढाच सवाल विक्रेत्याने केला. दाखल्याच्या मजकुरापुरते त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

सबब रंगवलेल्या यंत्रापेक्षा मळके यंत्र पसंत करावे, ही माझी पहिली शिफारस. पेटीखाली थोडी तेलकट धूळ साचलेली असणे हे दुश्चिन्ह नसून आत तेल असल्याचा तो बऱ्यापैकी पुरावा होय. त्यानंतर टबातील घुसळणारा पंखा हाताने वर उचलून पाहावा. तो वर्षानुवर्षे काढलेला नसला, तर ॲल्युमिनियमचा पंखा पोलादी दांड्याशी क्षाराने जखडून बसतो, आणि अशा वेळी पहार घालून उचकटू पाहणाऱ्याच्या हाती फुटलेली कड तेवढी येते. टबात कढत पाणी भरावे, सांध्यात झिरपणारे तेल सोडावे, पंख्याखालून दोर घेऊन सरळ वर ओढावे, आणि न आल्यास दुसऱ्या दिवशी हाच क्रम पुन्हा करावा. ज्याला इतका धीर नाही त्याने या नादी लागू नये. एनॅमलच्या टबाचा टवका उडून आतला पत्रा गंजला असेल, तर वरून रंग फासून तो टिकत नाही. जुना रंग कोरडा खरवडण्याचा मोहही टाळावा, कारण अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर निर्बंध आले ते १९७८ साली.

सर्वांत कसोशीने तपासावयाची ती पिळणी. रूळ फिरत असताना दाब एका फटक्यात सोडणारी जी दांडी असते, ती गंजलेली असणे म्हणजे यंत्र धोकादायक असणे. रुळांत सापडून चिरडलेल्या हातांच्या दुखापतीला त्या काळी अमेरिकन शल्यवैद्यांनी स्वतंत्र नावच देऊन ठेवले होते, आणि तीत मुलांचा भरणा मोठा असे. जाड टॉवेलची घडी निम्मी आत जाऊ द्यावी, दांडी दाबावी, आणि रूळ तत्क्षणी फाकतात याची खातरजमा करावी. बोटांनी ही परीक्षा कदापि घेऊ नये, आणि पदर, बांगड्या व मोकळे केस या यंत्रापासून दूर ठेवावेत. काम संपताच दाब सैल करावा, नाहीतर रबर एका बाजूस चपटे होते. वीज न घेणारी आमिश कुटुंबे ही यंत्रे इंजिनावर चालवीत आली असल्याने रूळ व सुटे भाग अद्याप मिळू शकतात.

जुन्या वायरीचे रबर बोटाने चुरगळत असेल तर प्लग लावूच नये. प्रथम मेगरने मोटारीचे इन्सुलेशन पाहावे, आणि दोन तारांच्या जागी अर्थिंगसह तीन तारांची वायर घालावी.

पुण्या-नागपूरचे आप्त असे यंत्र शोभेसाठी नव्हे तर वापरण्यासाठी मागवतात, तेव्हा एक गोष्ट त्यांना आधीच सांगावी. १२० व्होल्ट व ६० हर्ट्झवर चालणारी ही मोटार ट्रान्सफॉर्मर लावूनही आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे एक-षष्ठांश मंद फिरते आणि अधिक तापते, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तेथील २३० व्होल्टची, १४४० फेऱ्यांची मोटार बसवून तिची पुली मूळ पुलीहून एक-पंचमांश मोठी घेतली म्हणजे वेग जुळतो. एवढा खटाटोप करणारा कारागीर हाताशी नसेल, तर यंत्र इकडेच राहू द्यावे.