युटिल.सी तुझ्या वाट्याला आलीय ना, मग ऐक

अगं, ‘बाकीच्यांना पार्सर मिळाला, शेड्युलर मिळाला, आणि मला मात्र युटिल.सी’ हे तू ज्या सुरात म्हणालीस ना, तो सूर आधी बाजूला ठेव. मी बरीच वर्षं नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फर्मवेअरचं काम करते आहे, आणि मोठी बहीण म्हणून मनापासून सांगते: बिल्ड टूलमध्ये सगळीकडून बोलावली जाणारी छोटी फंक्शनं त्याच फाईलमध्ये असतात. पार्सर चुकला तर टूल निदान ओरडतं तरी. युटिल चुकली की ते गप्प राहतं, जुनीच ऑब्जेक्ट फाईल लिंक होते आणि टेस्टिंगवाला बिचारा भलत्याच ठिकाणी बग शोधत बसतो.

मेक हे बिल्ड टूल मुळात जन्माला आलं तेच असल्या वैतागातून. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली. दुरुस्ती झाली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. ते चिडून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले आणि फेल्डमननी मेक लिहायला घेतलं. त्याच कामासाठी २००३ साली एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना मिळाला. बरोबर फाईल बरोबर वेळी पुन्हा बांधणं, एवढंच तर या टूलचं काम. आणि ‘ही फाईल जुनी की नवी’, ‘हे दोन पाथ एकच का’ हे प्रश्न शेवटी तुझ्याच फंक्शनांच्या दारात येतात.

तुझा पाया पक्का आहे. सी तू नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वरून शिकलीस, असेंब्लर आणि लिंकर आयआयटी मुंबईच्या ढमढेरे सरांच्या पुस्तकातून. आता दुसऱ्यांचा चालता कोड वाच. जीएनयू मेकची मिस्क.सी वाच, आणि त्याहून आधी सामुराई नावाच्या टूलची युटिल.सी. इव्हान मार्टिन यांनी गूगलमध्ये क्रोमच्या कामासाठी निन्जा हे बिल्ड टूल लिहिलं, ते सी प्लस प्लसमध्ये. तेच काम मायकेल फॉर्नी यांनी साध्या सी९९मध्ये करून दाखवलं, ते सामुराई. त्याची युटिल.सी एका बैठकीत वाचून होते, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ तुला काहीतरी शिकवून जाते.

सुरुवात एक्समॅलॉकपासून कर. मॅलॉकला मेमरी मिळाली नाही तर तो नल परत देतो, हे तोंडपाठ असतं सगळ्यांना. पण शंभर ठिकाणी तपासायचं कोण? म्हणून नावाला ‘एक्स’ लावलेला एक भाऊ लिहायचा, जो नल कधी परत देतच नाही. मेमरी संपली की मेसेज छापतो आणि प्रोग्रॅम तिथेच थांबवतो. जीएनयू मेकचा मेसेज आहे ‘व्हर्च्युअल मेमरी एक्झॉस्टेड’. त्याच फंक्शनमध्ये आणखी एक बारकावा आहे: शून्य बाइट मागितल्या तर ते मॅलॉककडे एक बाइट मागतं, कारण मॅलॉकला शून्य दिलं की काही सिस्टिमवर नल येतो आणि काहींवर येत नाही.

थांबणं इथे योग्यच आहे. बिल्ड टूल अर्ध्यात मेलं तर पुन्हा चालवता येतं. अर्धवट निकाल खरा म्हणून पुढे जाणं वाईट. मात्र हीच सवय तू बोर्डावर चालणाऱ्या कोडमध्ये किंवा दुसऱ्यांनी वापरायच्या लायब्ररीत नेऊ नकोस. तिथे प्रोग्रॅम बंद करायचा की नाही हे ठरवायचा हक्क तुझा नाही, बोलावणाऱ्याचा आहे.

मग येतं रीअ‍ॅलॉक. ‘नग गुणिले आकार’ हा गुणाकार तू स्वतः करून रीअ‍ॅलॉकला देऊ नकोस. का ते सांगते. ३२ बिटांच्या मशीनवर १६ बाइटचे २६,८४,३५,४५७ नग मागितले, तर गुणाकार चार अब्जांच्या पलीकडे जातो, गुंडाळला जातो आणि उरतात फक्त १६ बाइट. मागणी ‘यशस्वी’ होते, हातात एका नगाची जागा येते आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या मेमरीत लिहिलं जातं. ओपनबीएसडीने यासाठी २०१४ साली रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे आणलं, ग्लिबसीमध्ये ते २०१७ साली आलं. सामुराईत त्याचाही एक्सवाला भाऊ आहे. आधी भागाकार करून बघायचं, मगच गुणाकार. तुझ्या फाईलमध्ये हे नसेल तर पहिलं हे घाल.

आता पाथ. इथे जरा जास्त वेळ दे, कारण खरी फजिती इथेच होते. एका मेकफाईलमध्ये कोणी ‘सोर्स/मेन.सी’ लिहितं, दुसरं कोणी ‘./सोर्स/मेन.सी’, तिसरं ‘सोर्स/../सोर्स/मेन.सी’. माणसाला ही एकच फाईल आहे हे दिसतं. टूलच्या डिपेंडन्सी ग्राफला तीन वेगळे नोड दिसतात. आपल्या नाशकात सीबीएसवरून निघून पंचवटीत जाऊन परत सीबीएसला आलीस आणि मग कॉलेज रोडला पोचलीस, तरी पत्ता कॉलेज रोडचाच ना? तसं हे फंक्शन वळसे काढून टाकतं आणि एकच पत्ता ठेवतं. सामुराईत त्याचं नाव कॅननपाथ. निन्जाच्या अशाच फंक्शनमध्ये बरीच वर्षं एका पाथमध्ये जास्तीत जास्त ६० तुकडे चालत होते, पुढे गेलं की सरळ नकार. मर्यादा असणं वाईट नाही, ती न सांगणं वाईट. आणि लक्षात ठेव, वाटेत सिमलिंक असेल तर ‘..’ नुसतं खोडून भागत नाही. लिंक भलतीकडे नेते आणि तिथला ‘..’ तिथलाच असतो. तुमच्या टूलमध्ये याचं काय करायचं हे टीमला विचार, आणि ठरेल ते फंक्शनच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहून ठेव.

वेळेचं फंक्शनही तुझ्याकडेच असेल. फाईल शेवटची कधी बदलली ते विचारायचं, एवढंच दिसतं. पण फाईल नसेल तर काय परत द्यायचं? निन्जा शून्य देतं. मग फाईल आहे, पण तिची वेळच शून्य आहे, असं झालं तर? फ्लॅटपॅक या पॅकेजिंग पद्धतीत फाईलींच्या वेळा मुद्दाम शून्य करतात. तिथे निन्जा शून्याऐवजी एक परत देतं, म्हणजे ‘नाही’ आणि ‘फार जुनी’ यांची गल्लत होत नाही. एका आकड्याची दुरुस्ती आहे ही. पण ज्याने ती केली, त्याने किती खोल विचार केला असेल बघ! आणि ‘फाईल नाही’ व ‘फाईल बघायची परवानगी नाही’ ही दोन उत्तरं कधीही एकाच आकड्यात कोंबू नकोस.

डिरेक्टरी बनवणाऱ्या फंक्शनमध्ये ‘आधी बघ, नसेल तर बनव’ असं लिहायचा मोह होईल. बिल्ड एका वेळी आठ-आठ कामं चालवतं. तू बघितलंस आणि बनवायला गेलीस, तेवढ्यात दुसऱ्या कमांडने ती बनवलेली असते. ‘आधीच आहे’ ही एरर आली तर ते यशच समज आणि पुढे जा. सामुराईचं मेकडर्स असंच वागतं, आणि ते पाथच्या शेवटाकडून मागे येत पहिली अस्तित्वात असलेली डिरेक्टरी शोधतं, मग तिथून पुढच्या बनवत जातं. बहुतेक वेळा डिरेक्टरी असतेच, त्यामुळे एका तपासात काम होतं.

आणि आता खास आपल्या घरचा बग. मोकळी जागा ओळखायला इझस्पेसला नुसता कॅर दिलास, की मराठी नावाची फाईल आली की गडबड. ‘नाशिक’ एवढ्या नावाला यूटीएफ-८मध्ये १५ बाइट लागतात, प्रत्येक चिन्हाला तीन. त्यातली पहिली बाइट २२४. आपल्या इंटेलच्या लॅपटॉपवर कॅर साइन्ड असतो, म्हणून तिथे ती उणे ३२ होते, आणि ऋण आकडा दिल्यावर इझस्पेस काय करेल याची सी काहीच हमी देत नाही. एआरएमवरच्या लिनक्सला कॅर अनसाइन्ड असतो, तिथे काहीच बिघडत नाही. मग ‘माझ्या बोर्डावर चालतंय की’ म्हणत दोघं जण तासभर वाद घालतात. जीएनयू मेक अक्षरांच्या तक्त्यात बघण्याआधी प्रत्येक वेळी अनसाइन्ड कॅर करून घेतं. तूही कर. नावं इंग्रजीतच असतील असं गृहीत धरणारा कोड आपण नाशिकमध्ये बसून लिहावा, हे मला पटत नाही.

कोडपलीकडचंही थोडं बोलू दे. ‘छोटंसं फंक्शन आहे, तुझ्या फाईलमध्ये टाकून दे’ असं म्हणत लोक येतील. सगळं घेऊ नकोस. जे दोन-तीन ठिकाणी खरोखर लागतं तेच घे, आणि जे एकाच मॉड्यूलचं आहे ते त्याच मॉड्यूलला परत दे. परत दिलेली मेमरी कोणी मोकळी करायची, हे प्रत्येक फंक्शनवर एका ओळीत लिही. आतल्या स्टॅटिक बफरचा पत्ता बाहेर देणारं फंक्शन दिसलं तर ते आधी बदल. आणि लीडला स्पष्ट सांग की या फाईलचा प्रत्येक बदल तुझ्या रिव्ह्यूतून जाईल. हे मागायला संकोच करू नकोस गं. आपल्या मुली काम चोख करतात आणि त्यावर हक्क सांगताना मात्र मागे राहतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे आणि मला त्याचा त्रास होतो. सहा महिन्यांनी टीममधल्या प्रत्येकाचा कोड तुझ्या फंक्शनांवर उभा असेल. तेव्हा ग्राफचं काम माग. पाथ आणि वेळ ज्याला कळली, त्याला ग्राफ अवघड जात नाही.

या रविवारी सामुराईची युटिल.सी वाच. मग ‘नाशिक’ नावाचा फोल्डर करून त्यात तुमचं टूल चालव, आणि जे सापडेल त्याची टेस्ट सोमवारी सगळ्यात आधी चेक-इन कर.