अपस्मार आणि क्लिनिकल संशोधन : चेन्नईचा धडा

मेंदूतील पेशींच्या विद्युत्-क्रियेत अचानक बिघाड होऊन वारंवार फिट येणे, या विकारास अपस्मार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. परंतु फिट हे लक्षण आहे. त्यामागील कारण शोधणे हे संशोधनाचे काम होय.

भारतात फिट येण्याच्या कारणांमध्ये मेंदूतील क्षयाची गाठ व फीतकृमीच्या अळीची गाठ ही दोन कारणे महत्त्वाची आहेत. दोहोंच्या अभ्यासात तामिळनाडूचे योगदान मोठे आहे.

मद्रासची परंपरा

१९५० मध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या सरकारी सामान्य रुग्णालयात मज्जाशल्य विभाग सुरू केला. त्या काळात मेंदूतील क्षयाच्या गाठीवर शस्त्रक्रिया हाच प्रमुख मार्ग होता. १९५६ मध्ये याच शहरात क्षयरोग संशोधनाचे केंद्र स्थापन झाले. तेथील पहिल्या चाचणीत रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर घरी, तर दुसऱ्यावर सॅनिटोरियममध्ये उपचार झाले. घरचे उपचारही तितकेच परिणामकारक ठरतात, हा निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. खाटांची टंचाई असलेल्या देशांना त्यामुळे नवा मार्ग मिळाला.

हीच पद्धत पुढे मेंदूच्या विकारासाठी वापरली गेली. या केंद्राने सरकारी सामान्य रुग्णालयाच्या सहकार्याने मेंदूतील क्षयाच्या गाठीवर ९ महिन्यांच्या दोन औषधोपचारांची तुलना केली. सुरुवातीच्या काळात एका गटास औषधे रोज, तर दुसऱ्यास आठवड्यातून ठरावीक दिवशी देण्यात आली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील बहुतेक रुग्णांना गुण आला. अर्थात असे निष्कर्ष अंतिम नसतात. २०१७ पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात रोज औषध देण्याची पद्धत देशभर स्वीकारण्यात आली.

चुकीचे निदान कसे टळले

स्कॅनमध्ये दिसणारी एकच लहान गाठ क्षयाचीच समजून पूर्वी अनेक रुग्णांना क्षयाची औषधे दिली जात. चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या वेल्लोर येथील डॉ. मॅथ्यू चंडी व डॉ. वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठींचे नमुने तपासले. त्यांतील बहुतांश फीतकृमीच्या अळीच्या निघाल्या. १९८९ मध्ये हे कार्य प्रसिद्ध झाले. अनेकांची महिनोन्‌महिने चालणारी अनावश्यक औषधे त्यामुळे टळली.

रुग्णाचे संरक्षण

फिटच्या रुग्णाचे औषध एकाएकी बंद केल्यास जीवाला धोका संभवतो. म्हणून अशा चाचण्यांत रुग्णाची सुरक्षितता सर्वांत महत्त्वाची ठरते. २००७ मध्ये भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणी सुरू झाली व २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. 'नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९' नुसार नैतिकता समितीची मान्यता, रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई यांची तरतूद आहे.

संशोधनाबरोबर कायद्यातही बदल झाला. विवाहास अडथळा ठरणारी अपस्माराची अट १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतून वगळण्यात आली. तथापि, फिट येणाऱ्या मुलीचा आजार लपवून ठेवण्याची वृत्ती केवळ कायद्याने संपत नाही. आजार लपविला की उपचार लांबतात. म्हणून प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत व घरापर्यंत पोहोचणे, हाच संशोधनाचा खरा टप्पा ठरतो.

सरावासाठी प्रश्न

१. क्लिनिकल चाचणीत रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी का केली जाते?
२. कमी साधनसामग्री असलेल्या देशांसाठी १९५९ च्या मद्रास अभ्यासाचे महत्त्व स्पष्ट करा.