जलपर्णी पुन्हा का येते?

आंतरसदन समस्या-निराकरण स्पर्धेत या वर्षी आमच्या सदनाचा क्रमांक शेवटून दुसरा आला. विषय होता ‘पाणी’. आम्ही चौघांनी तलावातली जलपर्णी काढणाऱ्या यंत्राचे झकास चित्र काढले होते. सरांनी त्याखाली एवढेच लिहिले, ‘पुन्हा का येते?’ याचे उत्तर मला मे महिन्याच्या सुट्टीत, रायपूरला घरी गेल्यावर मिळाले. पुढच्या वर्षी तुम्हीही स्पर्धेत उतराल, म्हणून ते येथे लिहीत आहे.

अशा स्पर्धांचे विषय जगभरचे असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये २०३० पर्यंतची १७ उद्दिष्टे ठरवली. त्यांतले सहावे शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांचे आहे. विषय एवढा मोठा असला की आपण घाबरून सुचेल तो पहिला उपाय लिहून टाकतो. हे टाळण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल टॉरन्स यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी स्पर्धेत सहा पायऱ्या आहेत : अडचणी शोधणे, मूळ समस्या निवडणे, उपाय सुचवणे, निकष ठरवणे, ते उपायांना लावून पाहणे आणि कृती आराखडा करणे. आम्ही पहिल्या दोन गाळून थेट तिसरीवर उडी मारली होती.

आता आमचा तलाव बघा. छत्तीसगढमध्ये ‘छै आगर छै कोरी’ म्हणतात. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव असले की गाव पुरे. रायपूरलाही बूढा तलाव, तेलीबांधा, कंकाली असे जुने तलाव आहेत. आमच्या घराजवळचा तलाव लहान आहे. माझी आजी त्यात पोहायला शिकली. माझ्या धाकट्या भावाला त्यात पाय घालायचीही परवानगी नाही.

पहिली पायरी म्हणून मी भावाला घेऊन तलावाला पायी फेरी मारली. घरांच्या सांडपाण्याचे दोन नाले थेट आत येत होते. जलपर्णी सर्वांत दाट होती ती त्यांच्याच तोंडाशी. तिथे मासे धरणारे एक काका म्हणाले, “हर बछर निकालथन, हर बछर फेर आ जाथे.” दरवर्षी काढतो, दरवर्षी पुन्हा येते.

कारण विज्ञानाच्या पुस्तकातलेच आहे. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतात. जलपर्णीला ते खतच. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या जाड थराखाली ऊन पोहोचत नाही, कुजताना ती पाण्यातला ऑक्सिजन संपवते आणि मासे मरतात. तिच्या बिया गाळात कित्येक वर्षे टिकतात. म्हणजे जलपर्णी हे लक्षण, सांडपाणी हा रोग. ताप उतरवला म्हणून मलेरिया बरा होत नाही.

दुसरी पायरी म्हणजे मूळ समस्या एका प्रश्नात लिहिणे. मी लिहिले : ‘तलावात येणारे सांडपाणी खत बनून जलपर्णी वाढवते, तर ते तलावात पडण्यापूर्वी आपण कसे शुद्ध करू शकू, म्हणजे पाणी पुन्हा वापरता येईल?’

मग तीन उपाय घेतले : यंत्राने जलपर्णी काढणे; नाल्याच्या तोंडाशी गाळ बसवणारी कुंडी आणि पुढे कर्दळीसारख्या वनस्पतींचा पट्टा करणे; सांडपाणी भुयारी गटारात वळवणे. तीन निकष लावून प्रत्येक निकषावर सर्वांत चांगल्या उपायाला ३, मधल्याला २, शेवटच्याला १ गुण दिला. किती टिकेल यात यंत्राला १, पट्ट्याला २, गटाराला ३. किती लवकर सुरू होईल यात ३, २, १. खर्च किती कमी यात २, ३, १. बेरीज ६, ७ आणि ५.

पट्टा एका गुणाने जिंकला. पण बेरीज झाली की विचार थांबवू नका. आधी साचलेली जलपर्णी काढावीच लागेल, नाहीतर पट्टा कामाचा नाही. पट्ट्यातली झाडे वेळोवेळी कापावी लागतील, नाहीतर ती तिथेच कुजून खत परत पाण्यात जाईल. ती कोण कापणार, हे लिहिले तरच तो कृती आराखडा होतो. आमचे यंत्रही वाया गेले नाही. ते फक्त एकट्याने पुरे नव्हते.

मी हे सगळे आजीला दाखवले. तिने बेरीज पाहिली नाही. “मग पोहता कधी येईल?” एवढेच विचारले. याचे उत्तर माझ्या आराखड्यात नव्हते. आता सातवी ओळ म्हणून तो प्रश्न लिहून ठेवला आहे.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धकांनी एवढे करावे : जगाचा विषय मिळाला की आधी आपल्या गावातली त्याची जागा शोधा, तिथे पायी जा, आणि ‘पुन्हा का?’ हे विचारल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नका.