गिम्पमध्ये बाहेरचे प्लगिन टाकताना

शिक्षक मित्रांनो, स्नेहसंमेलनाचे फोटो नीट करायला गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आपल्यापैकी बरेच जण वापरतात. त्यात नसलेली सोय हवी असेल तर प्लगिन जोडता येते. फ्रान्समधल्या ग्रेक प्रयोगशाळेत तयार झालेले जी'मिक मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यात ५०० हून जास्त फिल्टर आहेत. शाळेच्या जुन्या फोटोवरचे ओरखडे काढायचे असतील तर त्यातला 'रिपेअर' गट बघा.

पण प्लगिन म्हणजे नुसती सजावट नाही, तो एक प्रोग्रॅम असतो. संगणकावरच्या फायली तो वाचू शकतो. आणि शाळेच्या संगणकात मुलांचे फोटो, जन्मतारखा, आधार क्रमांक, सगळंच असतं! मी एकदा गडबडीत कुठल्यातरी भलत्याच साइटवरून फाइल उतरवली. लगेच जाहिराती सुरू. निस्तरण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून प्लगिन घेते ते बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच.

आवृत्तीही जुळायला हवी. २०२५ मध्ये गिम्प ३ आलं आणि २.१० साठीची प्लगिन्स त्यात चालेनाशी झाली. त्यामुळे जुन्या पेनड्राइव्हमधली उपयोगाची नाहीत.

प्लगिनसोबत इन्स्टॉलर नसेल, तर 'एडिट'मध्ये 'प्रेफरन्सेस', त्यात 'फोल्डर्स', त्यात 'प्लग-इन्स' उघडा. तिथे दिसणाऱ्या जागी फाइल ठेवायची. मात्र गिम्प ३ मध्ये ती सुटी चालत नाही, तिच्याच नावाचं फोल्डर करून आत ठेवावी लागते. अनेकांचं घोडं इथेच अडतं. मग गिम्प बंद करून पुन्हा उघडा.

पुढे कधी गिम्प अडखळायला लागलं, तर एकेक फोल्डर तिथून बाहेर काढून बघा. दोषी कोण ते सापडतं.